हरवलेला आकडा : सर्व्हरातील निकामी हार्ड डिस्क बदलताना

रायपूरच्या आसमंतात धानाची कापणी व मळणी उरकली, की शेतकऱ्यांची पावले सहकारी समित्यांच्या खरेदी केंद्रांकडे वळू लागतात. भंडारा-गोंदियाप्रमाणे छत्तीसगडातही भाताला धान असेच म्हणतात, आणि ‘धान का कटोरा’ हे त्या प्रदेशाचे जुने बिरुद आहे. केंद्रावर पोती काट्यावर चढतात, वजन होते आणि ते वजन संगणकात नोंदले जाते. २०२४-२५ च्या हंगामात राज्यातील २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान अशा रीतीने विकत घेण्यात आले. एकदा पोती उतरली, की शेतकऱ्याचे धान इतरांच्या धानात मिसळते आणि पुढे गिरणीकडे रवाना होते. ते परत मोजता येत नाही. मागे उरतो तो केवळ एक आकडा, आणि त्या आकड्याच्या आधारावरच त्याच्या बँकेच्या खात्यात पैसे जमा होतात.

छत्तीसगडात या खरेदीचे हिशेब २००७-०८ च्या हंगामापासून संगणकावर ठेवले जाऊ लागले. जेथे दूरसंचाराची सोय नव्हती, अशा केंद्रांवरची माहिती आरंभीच्या काळात मोटारसायकलवरून फिरणारे दूत गोळा करून आणीत. जमिनीच्या नोंदीही त्या राज्यात ‘भुइयां’ या नावाच्या संगणकीय व्यवस्थेत आहेत. महाराष्ट्रात सात-बाराच्या उताऱ्याला जे महत्त्व, तेच तेथे खसरा व बी-१ या कागदांना. येणेप्रमाणे शेतकऱ्याची जमीन आणि त्याचे पीक या दोहोंचीही साक्ष आता कागदाऐवजी यंत्र देते.

हे यंत्र म्हणजे सर्व्हर. अनेकांची माहिती एकत्र सांभाळणारा आणि मागेल त्याला ती पुरविणारा हा संगणक होय. त्याच्या पोटात ज्या वस्तूवर हे सारे आकडे लिहिलेले असतात, तिला हार्ड डिस्क म्हणतात. मराठीत आपण तिला चकती म्हणू. ही चकती आज ना उद्या बिघडणारच, हे गृहीत धरून सर्व्हराची रचना केलेली असते. ती बिघडली म्हणजे काय होते, आकडे कसे वाचतात आणि नवी चकती बसविताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

चकती का बिघडते?

संगणकाच्या अंतरंगात बहुतेक सर्व कामे विजेच्या अदृश्य हालचालींनी होतात. हार्ड डिस्क मात्र खरोखरच फिरते. तिच्या पेटीत काचेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एकावर एक बसविलेल्या असतात व त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिसूक्ष्म थर असतो. पुष्कळशा चकत्यांत या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागावरून वाचन-लेखन करणारे टोक तरंगत जाते. ते आणि तबकडी यांमध्ये अंतर असते मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतकेच. इतक्या अरुंद फटीत धुळीचा एक कणसुद्धा अनर्थ घडवू शकतो.

व्यापारी उपयोगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेले ते धूड जवळजवळ एक टन वजनाचे होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या पेटीत १० टेराबाइट, म्हणजे १० लाख कोटी अक्षरे राहतात. परंतु फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारे टोक ही मूळ रचना कायम आहे. जे फिरते ते झिजते, हा नियम तिलाही चुकलेला नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख चकत्यांच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांनी दिलेल्या आयुर्मानावरून वर्षाकाठी शंभरांत एखादीच चकती जावी, असा हिशेब निघत होता. प्रत्यक्षात शंभरामागे २ ते ४ चकत्या दर वर्षी बदलाव्या लागतात, असे सर्रास आढळले. काही ठिकाणी तर हे प्रमाण १३ पर्यंत गेले होते. शिवाय एकाच संचातील चकत्यांचे बिघाड परस्परांपासून अगदी स्वतंत्र नसतात, असेही त्यांना दिसून आले. या शेवटच्या निष्कर्षाचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

वजाबाकीची युक्ती

हेच गार्थ गिब्सन त्यापूर्वी वीस वर्षे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विद्यार्थी होते. तेथील डेव्हिड पॅटरसन व रँडी कॅट्झ या प्राध्यापकांसह त्यांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महाग चकतीच्या ऐवजी पुष्कळशा लहान व स्वस्त चकत्या जोडून काम घ्यावे, अशी त्यांची सूचना होती. तिच्यात एक उघड अडचण होती, आणि ती त्यांनी स्वतःच मांडली. एका चकतीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर शंभर चकत्यांच्या संचात पहिला बिघाड सरासरीने ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच होणार! म्हणून संचात काही जागा मुद्दाम अधिक ठेवावी आणि तिचा उपयोग हरवलेली माहिती परत मिळविण्यासाठी करावा, असा उपाय त्यांनी सुचविला. या व्यवस्थेला इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ असे नाव पडले.

तिच्यामागील गणित समजण्यासाठी धान खरेदीचेच उदाहरण घेऊ. तीन केंद्रांवर एका दिवशी अनुक्रमे ३४०, २७५ आणि ४१० क्विंटल धान आले. तीन वह्यांत हे तीन आकडे लिहिले आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज, १,०२५, लिहून ठेवली. आता दुसऱ्या केंद्राची वही उंदरांनी कुरतडली असे समजा. हानी झाली खरी. पण १,०२५ मधून ३४० आणि ४१० वजा केले, की २७५ हा हरवलेला आकडा जसाच्या तसा हाती येतो. चौथी वही तिघींपैकी कोणा एकीची नक्कल नाही. तरीही कोणतीही एक वही गेली, तर ती भरून काढण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे.

चकत्यांवर सर्व माहिती ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेली असते. त्यामुळे तेथे बेरीज आणखी सोपी होते. तीन चकत्यांवर एकाच जागी १, ० आणि १ हे अंक असतील, तर चौथ्या चकतीवर असा अंक लिहावयाचा, की चौघांतील एकांची संख्या सम व्हावी. येथे एक दोनदा आला आहे, म्हणून चौथा अंक ०. पहिली चकती गेली तर उरतात ०, १ आणि ०. यांत एक एकदाच येतो. संख्या विषम आहे. अर्थात हरवलेला अंक १ होता. या जादा अंकाला पॅरिटी म्हणतात. व्यवहारात सर्व पॅरिटी एकाच चकतीवर न ठेवता ती आळीपाळीने सर्वांवर विखुरतात. या प्रकाराला रेड-५ असे नाव आहे. ४ टेराबाइटांच्या पाच चकत्या अशा जोडल्या, तर १६ टेराबाइट वापरण्यास मिळतात आणि एका चकतीइतकी जागा या विम्याच्या हप्त्यात जाते. याहून साधा प्रकार रेड-१ हा होय. त्यात एका चकतीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवलेली असते.

हे सारे गणित करणारा जो विद्युत-फलक सर्व्हरात बसविलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. एखादी चकती बंद पडली, की तो उरलेल्या चकत्यांवरून तिच्यावरील अंक काढून देत राहतो. केंद्रावरील कारकुनाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. फार तर काम किंचित मंदावते.

परंतु वह्यांच्या उदाहरणातील एक गोष्ट येथे विसरता कामा नये. २७५ हा आकडा परत मिळाला, कारण दुसरीच वही गेली हे निश्चितपणे ठाऊक होते आणि बाकीच्या तिन्ही शाबूत होत्या. वजाबाकी एक हानी भरून काढते. तिच्यावर आणखी एक चूक झाली, तर ती भरून काढणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. चकती बदलणाऱ्याची सारी जबाबदारी या एका वाक्यात सामावलेली आहे.

योग्य चकतीची निवड

समजा, रायपुरातील एखाद्या कचेरीच्या सर्व्हरात आठ खणांतून आठ चकत्या आहेत आणि त्यांचा एकच रेड-५ संच केला आहे. हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी एका खणावरील हिरव्या दिव्याच्या जागी पिवळा दिवा दिसू लागतो. संच अद्याप चालू आहे. पण त्याची ढाल गळून पडली आहे. अशा वेळी घाईने हात घालण्यापूर्वी जाणता तंत्रज्ञ प्रथम एक प्रश्न विचारतो : या माहितीची दुसरीकडे ठेवलेली अलीकडची प्रत आहे काय? नसल्यास ती आधी तयार करणे श्रेयस्कर.

त्यानंतर तो कंट्रोलरच्या नोंदी वाचतो. कोणत्या खणातील चकती गेली, तिचा अनुक्रमांक काय आणि दुसऱ्या एखाद्या चकतीने अशक्तपणाची पूर्वसूचना दिली आहे काय, हे त्यांत असते. खणांचे क्रमांक पुष्कळदा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे ‘खण ३’ हा मोजणीत चौथा असतो. बोटाने एक, दोन, तीन असे मोजणारा मनुष्य निरोगी चकतीला हात घालतो आणि एक आजारी व एक उपटलेली अशा दोन चकत्या गमावून बसतो. रेड-५ च्या गणितात दोन अज्ञातांना उत्तर नाही. संच तत्क्षणी बंद पडतो. हा घात टळावा म्हणून कंट्रोलरला आज्ञा देऊन हव्या त्या खणाचा दिवा लुकलुकविता येतो. दिवा, खणाचा क्रमांक आणि अनुक्रमांक या तिघांची साक्ष जुळल्यावाचून खण उघडावयाचा नाही, हा नियम होय.

नवी चकती जुनीच्याच जातीची आणि तिच्याइतक्या अथवा अधिक क्षमतेची असावी लागते. एखाद्या अक्षरानेही ती लहान असेल, तर कंट्रोलर तिला नाकारतो. चकती बदलण्यासाठी सर्व्हर बंद करण्याचे सहसा कारण नसते. चालू यंत्रातून ती काढता येईल अशीच या खणांची घडण असते. कळ दाबून चकती बोटभर पुढे ओढावी आणि अर्धा मिनिट थांबावे. त्या अवधीत आतील तबकड्यांचे फिरणे थांबते. मग ती अलगद बाहेर काढावी. नवी चकती खणात सरळ सरकवून कळ लावली, की बहुधा कंट्रोलर तिला आपण होऊन ओळखतो व पुनर्बांधणी सुरू करतो.

ती सुरू झाली नाही तर? पूर्वी दुसऱ्या सर्व्हरात वापरलेली चकती आणून बसविली असेल, तर तिच्यावर जुन्या संचाच्या खुणा असतात आणि कंट्रोलर तिला परकी समजतो. अशा वेळी केवळ त्या एका चकतीवरील खुणा पुसून तिला राखीव म्हणून नेमावी लागते. येथे पडद्यावर अनेक पर्याय दिसतात, आणि त्यांतील एखादा सबंध संच नव्याने आखण्याचा, म्हणजे सर्व माहिती पुसण्याचा असतो. समजल्यावाचून ‘होय’ म्हणणे येथे जितके महाग पडते, तितके क्वचितच कोठे पडत असेल. दोन चकत्या बदलावयाच्या असल्या, तरी त्या कधीही एकदम बदलीत नाहीत. जी पूर्ण निकामी झाली आहे ती प्रथम. तिची पुनर्बांधणी तडीस गेली, की मगच पूर्वसूचना देणारी दुसरी.

कसोटीचे तास

नवी चकती खणात बसली म्हणजे संकट टळले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः कसोटीचे तास तेथून सुरू होतात. नव्या चकतीवर पूर्वीचा प्रत्येक अंक पुन्हा लिहावयाचा, तर बाकीच्या सर्व चकत्या आरंभापासून अंतापर्यंत वाचाव्या लागतात. १० टेराबाइटांची चकती सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने अखंड लिहीत गेली, तरी तिला सुमारे साडेअठरा तास लागतात. त्याच वेळी केंद्रांवरचे कामही चालू असेल, तर हा काळ दोन-तीन दिवसांवर जाऊ शकतो. तेवढा वेळ संचाला कसलेही संरक्षण नसते. एकाच दिवशी खरेदी केलेल्या, एकाच खोलीत तितकेच तास राबलेल्या उरलेल्या चकत्यांवर नेमका याच वेळी सर्वांत अधिक भार पडतो. बिघाड परस्परांपासून स्वतंत्र नसतात, या श्रोडर-गिब्सन यांच्या निष्कर्षाचा अर्थ येथे उलगडतो.

दुसराही एक धोका आहे. चकती धडधाकट असूनही तिच्यावरील एखादी जागा वाचता न येणे संभवते. साध्या चकत्यांच्या बाबतीत, एक कोटी कोटी अंक वाचताना अशी चूक एकाहून अधिक वेळा होणार नाही, एवढीच हमी उत्पादक देतात. एक कोटी कोटी अंक म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात चुका यापेक्षा कमी होत असल्या, तरी १० टेराबाइटांच्या पाच चकत्यांच्या संचात एकीच्या पुनर्बांधणीसाठी ४० टेराबाइट वाचावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या हमीचा भरवसा किती तोकडा आहे ते कळते.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला, दोन निरनिराळ्या प्रकारच्या पॅरिटी ठेवावयाच्या, म्हणजे दोन चकत्या गेल्या तरी माहिती तरते. याला रेड-६ म्हणतात. दुसरा, एक राखीव चकती संचात आधीच बसवून ठेवावयाची, म्हणजे मध्यरात्री बिघाड झाला तरी मनुष्याची वाट न पाहता पुनर्बांधणी सुरू होते. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे : काम कमी असताना कंट्रोलरने सर्व चकत्या नियमाने वाचून पाहावयाच्या आणि खराब जागा संच निरोगी असतानाच दुरुस्त करावयाच्या.

रेड जे करीत नाही

इतके करूनही रेड एका गोष्टीपासून मुळीच रक्षण करीत नाही, आणि ती म्हणजे चुकीची आज्ञा. कोणी एखादी नोंद पुसली, तर सर्व चकत्या ती अत्यंत आज्ञाधारकपणे पुसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्रीच्या कामात एका सर्व्हरावर द्यावयाची आज्ञा दुसऱ्यावर दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइट माहिती नाहीशी झाली. बॅकअप घेण्याच्या अनेक योजना कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतील बहुतेक चालत नसल्याचे आढळले. सुदैवाने सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत सापडली आणि कंपनी वाचली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

आगीपुढेही रेडचे काही चालत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा केंद्रास आग लागली. खबरदारी म्हणून व आगीमुळे मिळून ७०९ शासकीय सेवा बंद पडल्या आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटांचा एक साठा जळून गेला. त्या साठ्याची दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत नव्हती. एका चकतीच्या मृत्यूला तोंड देण्याची तयारी एका इमारतीच्या मृत्यूला पुरत नाही.

म्हणून माहितीची निदान एक प्रत दुसऱ्या यंत्रात, आणि शक्य तर दुसऱ्या गावी असावी लागते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची मोठी डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी एकमेकांपासून दूर उभारली गेली, तिचा हा एक मोठा लाभ आहे. मे २०२५ मध्ये नवा रायपुरातही एका डेटा केंद्र-संकुलाची पायाभरणी झाली. यंत्रे जसजशी वाढतील, तसतशी ही शिस्त पाळणारी माणसेही वाढावी लागतील.

ही शिस्त आपल्याकडे नवीन नाही. गावच्या जमिनीचे एक दप्तर पटवाऱ्याकडे आणि दुसरे तहसिलीच्या अभिलेखागारात ठेवण्याची रीत फार जुनी आहे. घराला आग लागली, पूर आला, वाळवी लागली, तरी दुसऱ्या जागेवरून नोंद परत लिहून काढता यावी, हाच तिच्यामागील हेतू. संगणकाने या व्यवहारात वेग आणला. सावधगिरी मात्र माणसानेच आणावयाची आहे.

अखेर त्या कचेरीतील पिवळ्या दिव्याकडे पुन्हा पाहू. दोन दिवसांनी पुनर्बांधणी पुरी होते आणि तेथे पुन्हा हिरवा दिवा लागतो. तंत्रज्ञाने निकामी चकतीवर तारीख, खणाचा क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ती बाजूला ठेवलेली असते. तिच्यावर अद्याप लोकांची माहिती असल्यामुळे ती भंगारात जाण्यापूर्वी पुरती नष्ट करावयाची असते. नव्या राखीव चकतीची मागणी त्याने नोंदविली आहे आणि दूरच्या प्रतीतून एक नोंद परत काढून ती वाचता येते, याची खात्रीही करून घेतली आहे. मधल्या दोन दिवसांत धान मोजून गेलेल्या शेतकऱ्याला यातले काहीही ठाऊक नाही. त्याचे पैसे त्याच्या खात्यात जमा झाले, एवढेच त्याला कळले. आणि त्याला एवढेच कळावे, यासाठीच ही सारी खटपट आहे.